विरघळणारा खडक, तडकणारा खडक

युकातानच्या उत्तर भागात नदी नाही. पाऊस सोलापूरच्या दुपटीच्या आसपास पडतो, रान हिरवंगार असतं, पण जमिनीवरून वाहणारं पाणी शोधून सापडत नाही. मेक्सिकोच्या या द्वीपकल्पावर माया लोकांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी चिचेन इत्झासारखी शहरं वसवली. ती बघायला आज कान्कुनहून आणि मेरिदाहून रोज बसेस भरून जातात, आणि त्या सहलीचा साचा ठरलेला असतो. सकाळी गाईडबरोबर अवशेष, उन्हं डोक्यावर आली की ‘सेनोते’त डुबकी. सेनोते म्हणजे छत कोसळलेल्या गुहेतलं नितळ, गार पाणी. उतरण्याआधी नळाखाली अंघोळ करायला लावतात, कारण अंगाला चोपडलेलं सनस्क्रीन पाण्यात मिसळायला नको असतं. संध्याकाळी बस परत.

अवशेष आणि पोहणं ही जोडी सहलवाल्यांनी लोकांच्या सोयीसाठी जमवली असं वाटतं. खरं तर ती त्यांच्याआधी हजार वर्षं जमलेली आहे. तिथं शहर का वसलं याचं उत्तर त्या खड्ड्यातच आहे.

या प्रकरणात तशीच एक सहल सोलापुरातून करायची आहे. सकाळी हत्तरसंग कुडलचा संगम, दुपारी एखाद्या मळ्यातली विहीर, उतरत्या उन्हात नळदुर्ग. कुडल शहराच्या नैर्ऋत्येला चाळीसेक किलोमीटर, नळदुर्ग हैदराबाद रस्त्यावर पंचेचाळीसच्या आसपास. एका दिवसात आरामात होतं. मात्र याला कुणी ‘सोलापूरचं मेक्सिको’ म्हणू नये. प्रत्येक गावाला परदेशी नावाचं शेपूट जोडायची आपली खोड जुनी आहे. तिथलं इथं आणायचंय ते फक्त बघण्यासाठी: खडक बदलला की पाणी बदलतं, आणि पाणी बदललं की माणसानं केलेली सोयही बदलते.

निघण्यापूर्वी थोडं जमिनीखाली जाऊ.

युकातान म्हणजे चुनखडक. उथळ समुद्राच्या तळाशी शिंपल्यांचा, प्रवाळांचा चुना साठत गेला, दाबला गेला आणि समुद्र हटल्यावर जमीन म्हणून वर आला. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पडतं, त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी असतं. चुनखडकाला तेवढं पुरतं. हजारो वर्षांत खडक आतून विरघळतो, बारीक फटींचे बोगदे होतात, बोगद्यांच्या गुहा होतात, आणि एक दिवस गुहेचं छत खाली येतं. झाला सेनोते. नदी नाही असं वर म्हटलं, ती आहे. ती भुयारात आहे. साक आक्तून नावाची पाण्यानं भरलेली गुहांची मालिका पाणबुड्यांनी मोजत नेली, तेव्हा २०१८ साली ती ३४७ किलोमीटर भरली. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली होती, तेव्हा या गुहा कोरड्या होत्या आणि माणसं त्यांत शिरत होती. २००७ साली ओयो नेग्रो नावाच्या बुडालेल्या खड्ड्यात एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा सापडला. तो सुमारे १३ हजार वर्षांपूर्वीचा आहे. बहुधा अंधारात पाण्याच्या शोधात गेली आणि पडली.

या सेनोत्यांपैकी पुष्कळसे नकाशावर मांडले तर ते विखुरलेले नसतात. एका मोठ्या कमानीत ओळीनं बसतात. १९७८ साली मेक्सिकोच्या सरकारी तेल कंपनीसाठी चुंबकीय पाहणी करताना ग्लेन पेनफिल्ड यांना समुद्रात एक कमान दिसली, आणि जमिनीवरच्या जुन्या नोंदींतून तिची दुसरी अर्धी बाजू जुळली. वर्तुळ पूर्ण झालं. ते सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं विवर होतं. जवळच्या गावावरून त्याला चिक्शुलुब म्हणतात. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दहा-बारा किलोमीटर रुंदीचा अशनी तिथं आदळला. पुढं विवरावर चुन्याचे थर साचले, ते गाडलं गेलं, पण कडेचा खडक खिळखिळा राहिला. भूजलाला तीच वाट सोपी पडली, आणि विवराच्या काठाकाठानं सेनोते तयार झाले. पर्यटक ज्या पाण्यात पोहतो, त्याची जागा डायनासोर संपवणाऱ्या त्या आघातानं ठरवलेली आहे.

आता सोलापूर. ज्या काळात तो दगड तिकडं पडला, त्याच सुमारास इकडं दख्खनची जमीन फाटून लाव्हा वाहत होता. आघाताच्या काही लाख वर्षं आधी सुरू झालेले हे उद्रेक आघातानंतरही काही लाख वर्षं चालू राहिले. एकावर एक थर साचत गेले, भाकरीच्या चवडीसारखे, आणि सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आज उरले. डायनासोर कुणी मारले, या खटल्यात दोनच मोठे संशयित आहेत: चिक्शुलुबचा अशनी आणि दख्खनचा लाव्हा. बहुतेक शास्त्रज्ञ आज अशनीकडे बोट दाखवतात, पण लाव्हानं हवा आधीच बिघडवून ठेवली होती का, हा वाद मिटलेला नाही. म्हणजे आपण ज्या दोन सहलींची तुलना करतोय, त्यांतली एक एका आरोपीच्या अंगावर आहे आणि दुसरी दुसऱ्याच्या. दगड बघायला याहून चांगलं निमित्त मला तरी ठाऊक नाही.

पण हे दोन खडक पाण्याशी अगदी वेगळे वागतात. बेसाल्ट विरघळत नाही. थंड होताना आकसतो आणि तडकतो. पाणी राहतं ते त्या तडांमध्ये, वरच्या झिजलेल्या मुरमात आणि दोन थरांच्या सांध्यात. भुयारी नदी वगैरे नाही. झिरपा, पाझर, उमाळा. त्यात वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत, कधी मृगात तोंड दाखवून थेट परतीला येणारा. निसर्ग इथं आयता खड्डा पाडून देत नाही. खड्डा आपणच खणायचा, नाहीतर पाणी अडवायचं. दिवसभरात जे बघायचं ते सगळं या एका वाक्याचा विस्तार आहे.

शहरातून बाहेर पडतानाच पहिला दाखला मिळतो. भुईकोट किल्ल्याला लागून असलेला सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकातला. बसवेश्वरांचे समकालीन असलेल्या सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमांतून तो खोदवला. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला लाखो माणसं नंदीध्वजांच्या मागं याच तळ्याभोवती जमतात. शहराचं ग्रामदैवत एका तळ्याच्या मधोमध बसलेलं आहे आणि त्या संताचं मोठं काम म्हणून तळं सांगितलं जातं, यात नवल नाही. पुढं इंग्रजांनी शहराच्या उत्तरेला एकरुख तलाव बांधला, १८७१ साली तो पुरा झाला. सोलापूरकर त्याला हिप्परगा म्हणतात. गाडी थांबवायची गरज नाही, मनात नोंद ठेवा.

विजापूर रस्त्याला लागलं की सहाला निघालेला माणूस सात-साडेसातला कुडलला पोचतो. दक्षिण सोलापूर तालुक्याचं हे टोक. अहिल्यानगरकडून आलेली सीना इथं भीमेला मिळते, आणि भीमेच्या पलीकडे कर्नाटक. गावात कन्नड सहज कानावर पडतं. देवळाच्या आवारात शिरताना कुणीतरी वडीलधारं ‘बन्नि, बन्नि’ म्हणतं आणि पुढचं वाक्य मराठीत येतं: “वर बघा मालक, तुळईकडं. खाली काय शोधताय?”

बघायचं वरच आहे. संगमेश्वराचं देऊळ कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं. खांब कोरीव, छत ठेंगणं, आत गारवा. मान मोडून पाहिलं की तुळईच्या दगडावर अक्षरांच्या ओळी दिसतात. समोरून टॉर्च मारला तर काही दिसत नाही. अक्षरं उजेडात बुडून जातात. मोबाइलचा दिवा दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा. मग प्रत्येक खाचेत सावली भरते आणि अक्षर उठून येतं. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. लेखाचा शेवट मराठीत आहे, आणि त्याचा आशय असा: जो हे वाचेल तो विजयी होईल.

हा लेख वाचून लोकांसमोर आणला सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी. जिल्ह्यातल्या शिलालेखांसाठी गावोगाव हिंडणारा हा अभ्यासक. शिलालेखाचा ठसा घ्यायचा म्हणजे दगड घासून स्वच्छ करायचा, ओला कागद त्यावर ब्रशनं ठोकून खाचांत बसवायचा, वाळत आला की शाईचा बोळा फिरवायचा. अक्षरं पांढरी राहतात, बाकी काळं. उभ्या भिंतीवर हे जमतं. डोक्यावरच्या तुळईवर करून पाहा म्हणजे कळेल. माया लिपीची किल्ली ज्यांना सापडली त्या युरी क्नोरोझोव यांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. १९५२ साली त्यांनी लेनिनग्राडमध्ये पुस्तकांवरून ती लिपी उलगडायला सुरुवात केली, आणि माया प्रदेशात त्यांचं पहिलं पाऊल पडलं ते १९९० साली. एकानं पायी फिरून वाचलं, एकानं खुर्चीत बसून. दोघांचंही बरोबर निघालं.

सर्वांत जुना मराठी शिलालेख कोणता, यावर शाळेत श्रवणबेळगोळ हे उत्तर होतं. आता अलिबागजवळच्या आक्षीचा शके ९३४ चा लेख आणि कुडलचा हा, यांची नावं घेतली जातात. पहिल्या नंबरासाठी चाललेल्या या चुरशीत मला फारसा रस नाही. मला त्या शेवटच्या ओळीची गंमत जास्त वाटते. कन्नड राजवट, नदीकाठचं देऊळ, आणि दगडावर कोरणाऱ्याला खात्री की इथं येणारा कुणीतरी मराठी वाचेल. त्या वर्षी युकातानमध्ये चिचेन इत्झाचे चांगले दिवस सरत आले होते.

शेजारचं हरिहरेश्वराचं देऊळ तर मातीच्या ढिगाऱ्याखालीच होतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस उत्खनन झालं आणि ते वर आलं. त्यात सापडलेलं बहुमुखी शिवलिंग आता आवारात आहे. अवजड, काळं, आणि अंगभर ओळीनं कोरलेले चेहरे. ३५९ मुखं मोजली आहेत. मूळ लिंग धरलं तर ३६०. माया पंचांगातही ३६० दिवसांचं एक मोठं माप होतं, त्याला ते ‘तुन’ म्हणत, आणि चिचेन इत्झाच्या पिरॅमिडला चारही बाजूंच्या ९१ पायऱ्या आणि वरची एक मिळून ३६५ होतात. असे आकडे जुळले की मन लगेच पतंग उडवायला लागतं. उडवू द्या, पण दोर हातात ठेवा: जगातल्या कुठल्याही शेतकरी समाजाला वर्ष मोजावंच लागतं. आकाश दोघांचं एकच होतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

देवळामागं उतरलं की संगम. इथं पोहायचा मोह होतो आणि तो आवरायचा असतो. वरवर शांत दिसणाऱ्या पाण्याखाली वाळूउपशानं पडलेले खड्डे असतात. गुडघाभर पाण्यातला पुढचा पाय पुरुषभर खोलीत जातो. शिवाय भीमेचं पाणी आता नदीच्या मर्जीनं वाहत नाही. वर उजनी आहे, ११७ टीएमसीचं धरण, १९८० साली पुरं झालेलं. त्यातून पाणी सोडलं की रात्रीत पातळी बदलते. सोलापूरला प्यायला पाणी द्यायचं तर उजनीतून नदीत आवर्तन सोडून खालचा औजचा बंधारा भरून घ्यायचा, आणि टाकळीहून उपसायचं, अशी व्यवस्था वर्षानुवर्षं चालत आली. घाटावर पाय बुडवा, हात-तोंड धुवा. पोहायला पुढं जायचंय.

याच उजनीनं स्वतःचे अवशेषही तयार केले. इंदापूरकडचं पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ धरणाच्या पोटात गेलं. एखाद्या कडक उन्हाळ्यात साठा तळाला गेला की शिखर आणि मग खांब उघडे पडतात, आणि लोक गाळ तुडवत दर्शनाला जातात. ते आजच्या वाटेवर नाही. पण दुष्काळ पडला की दिसणारा अवशेष, ही कल्पना डोक्यात असू द्या.

दुपार विहिरीची. हा सहलीचा गाभा आहे आणि याला तिकीट नाही.

सोलापूर भागातली शेतातली विहीर रुंद असते. बाहेरच्या माणसाला वाटतं, पाण्यासाठी एवढा मोठा खड्डा कशाला? कारण खडक. तडांतून पाणी येतं ते सावकाश, रात्रभर झिरपत. दिवसा उपसायचं आणि रात्री भरू द्यायचं. विहीर म्हणजे झऱ्याचं तोंड आणि हौद दोन्ही. खाली उतरताना भिंत नीट बघा, कारण इथं सहा कोटी वर्षांचा छेद उघडा आहे. वर काळी माती. तिच्या बुडाशी पांढरे, वेडेवाकडे चुनखडीचे खडे. मग पिवळसर मुरूम, हातानं उकरता येईल असा. त्याखाली मांजऱ्या खडक, भोकाभोकांचा. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूंच्या बुडबुड्यांची ती घरं. कित्येक भोकांत पांढरे स्फटिक चमकतात. आणि सगळ्यात खाली काळा कातळ, ज्यावर पूर्वी सुरुंग लावल्याशिवाय काम हलायचं नाही. जिथं दोन थर भेटतात तिथं ओल दिसते, शेवाळ दिसतं, एखादी धार लागलेली दिसते. तोच झरा.

आधी मालकाला विचारायचं.

“अप्पा, पवावं म्हणतोय विहिरीत.”

“पवा की. पवायला येतंय न्हवं?”

“येतंय.”

“थांबा, मोटार बंद करतो आधी. फूटवॉल्वच्या अंगाला जाऊ नका.”

ही शेवटची दोन वाक्यं गाईडच्या अर्ध्या तासाच्या सूचनांपेक्षा मोलाची. पाण्यात सोडलेली केबल आणि चालू मोटार हाच आज विहिरीतला खरा धोका आहे. दुसरा धोका बिनआवाजाचा: सुट्टीत आलेलं शहरातलं पोरगं, पोहायला येत नसताना पायऱ्यांवरून घसरतं आणि ओरडायच्या आधी खाली जातं.

उतरायला भिंतीतून पुढं आलेले दगडी टप्पे असतात, नुसते पाऊल मावेल एवढे. वर काठावरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे टांगलेले, अगदी पाण्याच्या मध्यावर, सापाला पोचता येऊ नये म्हणून. कपारीत पारवे. पाण्यात एखादी दिवड डोकं वर काढून सरळ रेषेत निघून जाते. ती बिनविषारी, तिला आपलं काही देणंघेणं नसतं, पण हे पहिल्यांदा बघणाऱ्याला पटत नाही. वरून पाहिलं तर पाणी हिरवट काळं दिसतं. मुटका मारला की आवाज चारी भिंतींवर आपटून परत येतो. वरच्या हातभर पाण्याला उन्हाची ऊब असते, आणि पाय खाली सोडले की गुडघ्याखाली एकदम गार लागतं. सेनोतेत उतरणाऱ्यांना समुद्राजवळ असाच एक पडदा भेटतो, फक्त तिथं वर गोडं पाणी आणि खाली खारं असतं, आणि दोन्हींच्या सांध्यावर नजर धूसर होते.

मागच्या पिढीतली बहुतेक मंडळी इथंच पोहायला शिकली. कमरेला वाळका भोपळा, नाहीतर रिकामा डबा, नंतरच्या काळात ट्रकची ट्यूब. दोरीचं दुसरं टोक काकाच्या हातात. काका वरून ‘हात मार, हात’ म्हणत राहायचा आणि दोरी कधी सैल सोडली ते पोराला कळायचं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीतला हा शिकवणीवर्ग आता पुष्कळ गावांत बंद पडलाय, आणि त्याचं कारण मोबाइल नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअर आले. विहीर पन्नास-साठ फुटांवर थांबायची. बोअर कातळ भेदत शेकडो फूट खाली गेला. खालच्या तडांतलं पाणी ओढलं गेलं, वरच्या विहिरी फेब्रुवारी-मार्चमध्येच तळ दाखवू लागल्या. सुट्टी लागते एप्रिलच्या शेवटी. शिकायला पाणीच नाही. पोहता न येणारी पिढी आणि धरणाच्या, खाणीच्या, शेततळ्याच्या पाण्यात बुडण्याच्या बातम्या, यांचा संबंध लावायला तज्ज्ञ लागत नाही. शेततळं तर अधिक वाईट. प्लास्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही आणि धरायला एक दगडसुद्धा नसतो. तिथं कधीही उतरू नका.

म्हणून सहलीचा महिना ठरवताना सप्टेंबर-ऑक्टोबर धरा. विहिरी डबडबलेल्या असतात, आणि पुढचा मुक्कामही तेव्हाच बघण्यासारखा. मळ्यातच जेवण होतं: कडक भाकरी, शेंगाचटणी, घट्ट दही, कांदा. शेंगाचटणीत तेल सुटलेलं असावं. नसेल तर ती सोलापूरची नव्हे.

तीनला निघालं की चारच्या पुढं नळदुर्ग. तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. बोरी नदीनं वळसा घालून कातळाचा एक मोठा तुकडा तीन बाजूंनी वेगळा केलाय, त्यावर किल्ला. मूळ ठाणं चालुक्यांच्या काळापासूनचं सांगतात. आजची दगडी तटबंदी प्रामुख्यानं विजापूरच्या आदिलशाहीची. उंचच उंच उपळी बुरूज आहे, तोफा आहेत. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा मेडोज टेलर १८५० च्या दशकात इथं इंग्रजांचा अधिकारी म्हणून राहिला. हे सगळं गाईड सांगेल. तुम्ही पाण्याकडं चला.

किल्ला आणि समोरचा रणमंडळ हा त्याचा जोडकिल्ला यांच्यामध्ये बोरीवर दगडी बंधारा घातलाय. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ चा. बंधारे पुष्कळांनी घातले; इथं बंधाऱ्याच्या पोटातच महाल बांधलाय. भिंतीच्या आत जिना उतरतो, खाली दालन, दालनाला सज्जा. नदी भरून आली की पाणी भिंतीवरून दोन सांडव्यांनी कोसळतं, एक नर आणि एक मादी, आणि सज्ज्यात उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर पाण्याचा पडदा पडतो. आत मात्र कोरडं. चारशे वर्षांनंतरही.

हे कशानं टिकलं? घडीव काळा दगड, जो पाण्यात विरघळत नाही. आणि सांध्यात चुना. दगड लाव्हाचा, पण त्याला धरून ठेवणारा चुनाच, म्हणजे मायांच्या मुलखात ज्याची अख्खी जमीन आहे तो. या काळ्या मुलखात तो मिळायचा चुनखडीच्या खड्यांतून, विहिरीच्या भिंतीत माती संपते तिथं दिसले होते तेच. भट्टीत भाजायचे, पाण्यात भिजवायचे, बैलाच्या घाण्यात मळायचे. माया कारागीर डोंगराएवढा चुनखडक भाजून पिरॅमिडांना गिलावा करत आणि त्यासाठी रानं तोडत. देवाणघेवाण उलट दिशेनंही आहे. ग्वाटेमालातल्या तिकाल या माया शहराजवळ सेनोते नाहीत. तिथं आपल्यासारखे तलावच बांधावे लागले. २०२० साली संशोधकांनी दाखवलं, की तिथल्या एका तलावात पाणी गाळण्यासाठी बाहेरून आणलेलं झिओलाइट वापरलं होतं. झिओलाइट म्हणजे मांजऱ्या खडकाच्या भोकांत चमकणारे स्फटिक असतात ना, त्याच कुळातले. दख्खनचे झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. आपल्याकडं ते विहीर खणताना फोडून बांधावर टाकतात.

पाणीमहालातल्या फारसी लेखाचा आशय असा, की हा महाल बघून मित्रांचे डोळे उजळोत आणि शत्रूंचे मिटोत. सकाळचा लेख वाचणाऱ्याला विजय देत होता. इथं आधी तुम्ही कुठल्या बाजूचे हे ठरवावं लागतं. सुलतानाचा लेख आणि देवळाचा लेख यांच्यात एवढा फरक असायचाच.

इथं पोहायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. धबधब्याखालचे दगड बुळबुळीत आहेत आणि पाण्याला ओढ आहे.

परतीच्या वाटेवर एक प्रश्न हमखास निघतो: माया लोक गेले कुठं? कुठंही नाही. युकातानमध्ये आज सात-आठ लाख माणसं युकातेक माया भाषा बोलतात, आणि चिचेन इत्झाच्या दारात टोप्या विकणारा बहुधा त्यांच्यापैकीच असतो. गेली ती शहरं, आणि सगळी एकदम नव्हेत. चिचान्कानाब नावाच्या तळ्याच्या गाळात जिप्समचे थर आहेत. तळं आटतं तेव्हाच जिप्सम साचतं. त्यावरून २०१८ साली काढलेला अंदाज असा, की नवव्या-दहाव्या शतकांच्या आसपास दुष्काळांत तिथला वर्षाचा पाऊस सरासरीनं जवळजवळ निम्म्यानं घटला होता. दक्षिणेकडची, तलावांवर विसंबलेली मोठी शहरं आधी ओस पडली. उत्तरेत, जिथं सेनोते जमिनीखालच्या पाण्यापर्यंत पोचतात तिथं चिचेन इत्झा आणखी काही काळ भरभराटीत राहिलं. पण नुसतं प्यायला पाणी असून भागत नाही. मका पावसावर पिकायचा. चिचेन इत्झाच्या पवित्र सेनोतेत चाक या पाऊसदेवाला वाहिलेलं जेड, सोनं आणि माणसांची हाडंही सापडली. १९०४ पासून एडवर्ड थॉम्प्सन यांनी तो गाळ उपसला आणि पुष्कळ ऐवज हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात गेला.

सोलापूरकराला या गोष्टीत परकं काही वाटू नये. १९७२ साली इथली माणसं सुकडी खाऊन रस्त्यांवर खडी फोडत होती. त्या वर्षीच्या कामांतून पाझर तलाव झाले, नालाबांध झाले, आणि पुढं रोजगार हमीचा कायदा झाला. सेनोते नसलेल्या प्रदेशानं काढलेला तो मार्ग होता, तिकालसारखाच: पडेल ते अडवा. फरक इतकाच की आपल्या हातात त्यानंतर बोअरचं यंत्रही आलं, आणि अडवण्यापेक्षा उपसणं सोपं ठरलं.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. नर-मादी बारमाही नाहीत. वरच्या अंगाचं बोरी धरण भरून सांडव्यावरून पाणी पडू लागलं तरच इथं पडदा लागतो. काही वर्षी ऑगस्टात, काही वर्षी ऑक्टोबरात, काही वर्षी नाहीच. निघायच्या आधी नळदुर्गात ओळखीच्या कुणाला तरी फोन करून ‘धरण भरलं का’ एवढं विचारून घ्या. नाही म्हणाले तरी निघायला हरकत नाही. महाल कोरडा असताना भिंतीतला दगड जवळून बघता येतो, आणि गर्दीही नसते.